चतुराबाईंचा दाखला

बोरी, ता. जिंतूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप कस्तुराअक्का,

पाया पडतो. (इथूनच. तुझ्या दारात येऊन पडायला जी हिंमत लागते ती अजून पुरती जमलेली नाही.) पत्राला फार उशीर झाला, माफ कर. किती उशीर ते डायरीत पाहिले: एक वर्ष आणि अकरा दिवस. या काळात तुला पत्र लिहायचे मी एकोणीस वेळा ठरवले, आणि श्रावणात एकदा तर सेलूपर्यंत येऊन गेलो. स्टँडवर उतरलो. तुझ्या गावाच्या फाट्याला जाणारी काळीपिवळी समोरच उभी होती, ड्रायव्हर "बसा, बसा" म्हणत होता. मी एक प्लेट पोहे खाल्ले आणि परतीच्या एसटीत बसलो. बबिताला सांगितले, अक्का घरी नव्हती. (तू घरी होतीस की नव्हतीस हे मला माहीतच नव्हते, त्यामुळे ते खोटेच ठरते असे नाही. पण हेतू खोटे बोलण्याचा होता, म्हणून डायरीत खोटे असेच लिहिले आहे.)

दाजींचा गुडघा कसा आहे? यंदाच्या पावसात तुमच्या दहा-बारा मेंढरांचे खूर सडल्याचे लोकर घ्यायला येणाऱ्या माणसाकडून कळले, वाईट वाटले. तुझे पित्त? रात्रीच्या शिळ्या भाकरीला अजून कच्चा कांदा घेतेस का? घेऊ नकोस. आबा बरे आहेत. पोळ्यानंतर मेंढरे घेऊन गोदावरीकडे गेले होते ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशी परतले. आल्या आल्या त्यांना जे सांगितले तेच आता तुला सांगतो, कारण बाहेरून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावे. बबिताला सातवा महिना आहे. दोन आहेत. बस, सांगून टाकले. आता पुढचे जरा सावकाश लिहिता येईल.

पण त्याआधी मागचे. गेल्या वर्षीच्या भाऊबिजेला मला ओवाळताना, ताट हातातच असताना तू म्हणालीस, "तेरा वर्षं झाली भारत, आता दुसरी करून घे. बबिताला काय कुणी हाकलून देयालंय का, राहील की एका कोपऱ्यात." बबिता तेव्हा त्याच कोपऱ्यात बसून करंज्या तळत होती. मी त्या वेळी काही बोललो नाही, ही माझी पहिली चूक. दोन दिवसांनी तुला तीन पानी पत्र लिहिले, ही दुसरी. त्यातले "या घरात पाऊल ठेवायचे असेल तर जीभ फाट्यावर ठेवून ये" हे वाक्य मी चार वेळा खोडून पाचव्यांदा बसवले होते. रागाच्या भरात लिहून गेलो म्हणावे, तर तीही सोय मी ठेवलेली नाही. बसल्यावर मला ते आवडलेही होते. यंदाची भाऊबीज कोरडी गेली. चतुराबाईंनी ओवाळले. (शेजारच्या चतुराबाई तुला आठवत असतील. वय बासष्ट, उन्हाळ्यात पोरांना बर्फाच्या कांड्या विकतात, आणि गावात काही कळवायचे असले की लोक त्यांनाच कळवतात, पुढचे आपोआप होते. या पत्रात त्या बऱ्याच येणार आहेत.)

तर, परभणीला जाऊन इलाज करायचे बबितानेच ठरवले. तिची एकच अट होती, कुणाला कळता कामा नये. "फळलं तर सांगू. न्हाई फळलं तर मला कुणाची कीव नको." आता बोरीतून दर दोन दिवसांनी नवराबायको सकाळच्या एसटीने परभणीला जातात आणि कुणी विचारणार नाही, असे होईल का? सबबही तिनेच काढली: दात. दाताचा डॉक्टर पुन्हापुन्हा बोलावतो हे सगळ्यांना माहीत असते आणि बाईमाणसाला कुणी आ करून दाखव म्हणत नाही. सबब चांगली होती, अडचण माझी होती. मुख्याध्यापकांनी हळहळून चौकशी केली, कुणी लवंगेचे तेल दिले, कुणी हिंगाचा खडा दिला, आणि प्रत्येक वेळी "हो, दातच" म्हणताना माझे मन मला खाऊ लागले. मुलांना खरे बोलायला शिकवायचे आणि स्टाफरूममध्ये हिंगाचा खडा घेऊन आभार मानायचे! शेवटी मी परभणीतच एका दाताच्या दवाखान्यात जाऊन माझी खालची उजवी दाढ काढून घेतली. म्हणजे आमच्या घरातून माणूस दातांसाठी परभणीला जातो, हे विधान निम्मे तरी खरे झाले. बबिता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

इंजेक्शने रोज संध्याकाळी आठला, पोटात, घरीच. नर्सबाई म्हणाल्या, आधी संत्र्यावर सराव करा. मे महिन्यात बोरीत संत्री कुठून आणू? वांग्यावर केला. चार वांग्यांनंतर हात थरथरायचा थांबला, पण बबिताच्या पोटाशी गेलो की पुन्हा सुरू. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "द्या हिकडं," आणि स्वतःच टोचून घेऊन उरलेली चार वांगी भाजायला घेतली. (आबा शंभर मेंढरांना एका दमात लस टोचतात. त्यांचा मुलगा मी. यावर फार विचार करत नाही.) औषध मात्र फ्रिजमध्ये ठेवायचे होते, आणि आमचा फ्रिज तेव्हा बिघडलेला. गावात भरवशाचा, इन्व्हर्टरवर चालणारा फ्रिज एकच, चतुराबाईंचा. मी स्टीलच्या डब्यात बाटल्या ठेवल्या आणि वर चिठ्ठी चिकटवली: "दाताचे औषध. हात लावू नये." बोललेले खोटे वेगळे आणि लिहिलेले वेगळे. त्या चिठ्ठीपुढे मी अर्धा तास बसलो होतो. पण "औषध" एवढेच लिहिले असते तर चतुराबाईंनी कशाचे ते विचारले असते, आणि विचारल्यावर मी सांगितले असते. मी स्वतःला ओळखतो.

सातव्या दिवशी डबा आणायला गेलो तर चतुराबाई दारातच गालाला हात लावून प्रसन्न बसलेल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमचं औषध लय जालीम हाय बगा. कालधरनं दाढ ठणकायली होती. कापसाचा बोळा भिजवून दाबला की झटक्यात थंड!" थंड होणारच, फ्रिजमधले होते. डब्यात पाहिले तर एक बाटली फोडलेली.

अक्का, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली ते तुलाच कळेल, कारण लहानपणी मी चुकून गाभण मेंढीला दुसऱ्याच मेंढीचे औषध पाजले होते तेव्हा तूच मला बाभळीखालून ओढून काढले होतेस. बीजे वाढवायचे औषध बासष्ट वर्षांच्या बाईच्या दाढेत गेले होते. दवाखान्याचा फोन कुणी उचलेना. मी घरी येऊन डायरीत पानाच्या मधोमध रेघ मारली, एकीकडे "सांगावे", दुसरीकडे "सांगू नये". "सांगू नये"च्या बाजूला बबिताला दिलेला शब्द होता. "सांगावे"च्या बाजूला चतुराबाईंची प्रकृती. शेवटी बबितालाच विचारले. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "जा, सांगून या. त्या म्हातारीला काय झालं तर तुमी जन्मभर मला झोपू देणार न्हाई."

सांगितले. शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत सांगितले, ही माझी तिसरी चूक. चतुराबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, उठून दार लावले, आणि हळू आवाजात (त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला) म्हणाल्या, "म्हंजे मला आता लेकरू हुतंय का?"

मी म्हणालो, नाही, तसे होत नसते. त्या म्हणाल्या, "मग औषध कशाला असतं?" मी समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "तुमी भूगोलाचे मास्तर. तुमाला यातलं काय कळतंय? माझा मालक जाऊन नऊ वर्षं झाली. चार लेकरांची माय मी, नातवाचं लगीन काढलंय औंदा. गाव काय म्हणंल? बर्फाच्या कांड्या कोण घेईल माझ्या हातच्या?" मी किती वेळ बसलो तरी त्यांचे समाधान होईना. डॉक्टरच्या तोंडून ऐकायचे, एवढेच नव्हे, तर कागदावर पाहिजे, आणि कागदावर शिक्का पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघे परभणीला. दवाखान्याच्या बाकावर चतुराबाई तोंडावर पदर घेऊन बसल्या. सगळा दवाखाना तरण्या जोडप्यांनी भरलेला. शेजारच्या मुलीने मायेने विचारले, "मावशी, सुनेसाठी आलाव का?" यावर चतुराबाई "न्हाई, मपल्यासाठीच" म्हणाल्या, आणि त्या बाकावर जागाच जागा झाली. केसपेपर काढणाऱ्या बाईने वय विचारले, लिहिले, पेन थांबवले, पुन्हा विचारले. मुले किती? "चार. बास झाली." तक्रार काय? "तक्रार कायबी न्हाई. हुऊच नये म्हणून आलेय."

डॉक्टरीणबाई फार मोठ्या मनाच्या. तोंडातून गेलेले हे औषध पोटात पचून जाते, काही करत नाही, आणि दाढेचे म्हणाल तर कीड लागली आहे, दाताच्या डॉक्टरला दाखवा, असे त्यांनी नीट बसवून सांगितले. मग एकदाही न हसता (मी बघत होतो) आपल्या छापील कागदावर लिहिले: "श्रीमती चतुराबाई, वय ६२, यांना तपासले. यांना मूल होणार नाही, अशी खात्री देते." खाली सही, शिक्का. आमच्या त्या बाकावर बसलेल्यांपैकी कुणालाही तो कागद हातात घ्यायची इच्छा नसेल. चतुराबाईंनी तो कपाळाला लावला आणि घडी करून कनवटीला ठेवला.

एसटीत परतताना आमचा करार झाला. आम्ही दाखल्याविषयी कुणाला सांगायचे नाही, त्यांनी बबिताविषयी सांगायचे नाही. अक्का, मी त्या दिवशी डायरीत लिहिले होते, "चार दिवसांत गावभर." पण चतुराबाईंनी पाच महिने एक शब्द बाहेर काढला नाही! उलट आमच्या दारात कुणी दातांची चौकशी करायला आले की त्याच आडव्या व्हायच्या, "लेकीची दाढ ठणकायली, तिला कशाला बोलायला लावता?" एखाद्या माणसाविषयी आपण डायरीत काय लिहून ठेवतो याचा मी हल्ली विचार करतो. ते पान फाडलेले नाही, पण खाली चूक कबूल केली आहे.

पुढचे सरळ आहे. डॉक्टरीणबाईंनी दोन गर्भ आत सोडले. आधीच समजावले होते, एकही टिकणार नाही असे होऊ शकते, एक टिकेल किंवा दोन्ही टिकतील. मी संमतीचा अर्ज चारही पाने वाचला, अकरा प्रश्न विचारले आणि मागे उभे असलेले नवरे ताटकळले. जूनमध्ये पडद्यावर दोन ठिपके दिसले. दोन्ही लुकलुकत होते. बबिता रडली. मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "नक्की दोनच ना?" (मोजण्यात चूक नको म्हणून विचारले. तिसऱ्याची हाव होती असे बबिता म्हणते, ते बरोबर नाही.)

दिवाळीत आबांना सांगताना मी शाळेतला जगाचा नकाशा घरी आणला होता. मला वाटले, त्यांना धक्का बसेल, आपल्या घराण्यात जुळे कधी झालेले नाही. म्हणून आधी पार्श्वभूमी दिली. सगळीकडे जुळी सारखी होत नाहीत. आफ्रिकेत नायजेरिया म्हणून देश आहे, त्याच्या एका भागात हजार बाळंतपणांत चाळिसाच्या वर जुळी होतात, आणि कुठलाही इलाज न करता. आपल्याकडे आणि पूर्वेकडच्या देशांत त्या मानाने फार कमी. अलीकडे मात्र उशिरा मुले होतात, असे इलाज होतात, म्हणून जगभर आकडा वर चालला आहे. आबांनी तंबाखू मळत सगळे ऐकले आणि म्हणाले, "म्हंजे तिकडच्या बायांत शेळीचा गुण हाय, आन् आपल्याकडच्यांत मेंढीचा." मी म्हणालो, आबा, माणसांविषयी असे बोलू नये. ते म्हणाले, "म्या शेळीला नाव ठिवलं का?" मग नकाशाकडे बघत, "पर मेंढीलाबी दोन हुतेत. खुराक वाढिवला की हुतेत. मग, दोन हायेत काय?" अर्धा तास नकाशा धरून माझा हात दुखत होता, आणि त्यांनी मी मुद्द्यावर यायच्या आत ओळखले. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. तंबाखूचा चुना गेला म्हणाले.

आता बबिताचे. रक्तदाब थोडा वर आहे. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितले आहे. जुळी असल्याने दिवस भरायच्या आतच, जानेवारीत, बाळंतपण होईल, बाळे लहान असतील, दोन-तीन तासांनी पाजावे लागेल. भीती आहे, अक्का. दिवसा नसते, शाळा असते. बबिताची आई नाही हे तुला माहीत आहे. स्वयंपाक मी करतो. माझ्या भाकरीचा आकार आता ओळखू येतो, श्रीलंकेसारखा. चतुराबाई दुपारी येऊन बसतात, पण त्यांना मोतीबिंदू आहे.

तर हे सारे तुला कळावे म्हणून लिहिले. माझे काही मागणे नाही. मागच्या पत्राबद्दल माफ कर, एवढेच. दाजींना नमस्कार.

तुझा,
भारत

ता.क. १. बबिताने पत्र वाचायला मागितले, दिले. तिचे म्हणणे, दाढेविषयी मी लिहिले आहे ते खरे नाही. ती दाढ शिमग्यापासून दुखत होती, आणि मी घाबरून काढत नव्हतो. सत्यासाठी दाढ दिली वगैरे सगळे नंतर बसवलेले आहे. डायरी पाहिली. मार्च महिन्यात सात ठिकाणी "दाढ" असे लिहिले आहे. म्हणजे तिचेच बरोबर.

ता.क. २. वर "माझे काही मागणे नाही" लिहिले आहे, तेही बरोबर नाही. दिवाळीच्या त्या दिवशी आबा शेवटी आणखी एक बोलले, ते मी वर मुद्दाम गाळले. म्हणाले, "दोन पिलं झाली की मेंढी एकालाच हुंगती, दुसऱ्याला ढुसनी मारती. तिला धरून बसाया येक माणूस लागतं, तवा दोन्ही जगतेत. आपल्याकडं कस्तुरा धरायची. रातरात बसायची. तिच्या हातचं येकबी पिलू गेलं न्हाई. तिला सांगावा धाड." मी म्हणालो, आबा, कोणत्या तोंडाने? ते म्हणाले, "पत्र कोणत्या तोंडानं लिवलं हुतंस?" अक्का, तुझी मेंढरे आहेत, दाजींचा गुडघा आहे, आणि ज्या घरात तुला जीभ बाहेर ठेवून यायला सांगितले ते घर आहे. तरी ये. जिभेसकट ये. महिना, दोन महिने, जमेल तेवढे.

ता.क. ३. हे बबिता सांगते आहे आणि मी ती बोलते तसेच लिहितो आहे, मध्ये काही घालायचे नाही अशी तंबी आहे. "वन्सं, त्या दिशी तुमी जे बोल्लाव ते मी इसरले न्हाई, इसरणारबी न्हाई. मला तुमच्यासंगं भांडायचं हाय. पर ते तुमच्या भावाच्या पत्रात न्हाई, समोरासमोर बसून. मला आता उठून तुमच्या दारात येता येईना, डॉक्टरनं हलू नको म्हणलंय. तवा तुमीच या. येताना दाजींला ईचारून या, न्हाईतर न ईचारता या. दोघांच्यातलं एक तुमच्या मांडीवर दिल्याबिगर मी भांडाय सुरुवात करणार न्हाई, कारण मला हात मोकळे लागतेत."

ता.क. ४. डायरीत उद्याचे एकच काम लिहिले आहे: जिंतूरहून नवार आणून माळ्यावरची बाज अक्कासाठी विणून घेणे.